हट्टू उठतो की नाही

त्या प्रयोगशाळेत पाठ टेकायला मिळेल अशी खुर्ची एकच होती, आणि ती सूक्ष्मदर्शकाच्या अंधाऱ्या खोलीत होती. बाकी सगळीकडे उंच, गोल, फिरती स्टुलं. त्यांच्यावर बसलं की कंबर म्हणते मी कुठं जाऊ आणि पाय म्हणतात आम्ही कुठं टेकू. हे सगळं त्या खुर्चीमुळेच घडलं असं म्हटलं तरी चालेल. पण गोष्ट अशी मधूनच धरली तर डोक्यावरून जायची, म्हणून जरा मागून येऊ.

टापटीप हे काही तिचं खरं नाव नव्हे. प्रयोगशाळेतल्या लोकांनी तिला पहिल्याच आठवड्यात ते चिकटवलं आणि ते बसलं. तिचं टेबल असं असायचं की त्यावरून बोट फिरवलं तर बोटच स्वच्छ होऊन यावं! बाटल्या उंचीप्रमाणे, पेनं रंगाप्रमाणे, आणि हातमोजे असे घातलेले की कातडीच वाटावी. शेजारच्या टेबलावर लंबू. तो इतका उंच की दारातून येताना आधी मान येते, मग माणूस येतो, मग कधीतरी त्याचे पाय. लंबूच्या टेबलावर सगळं होतं, आणि काहीच सापडत नव्हतं. "ताई, तुमच्या टेबलाकडे बघितलं की मला पाप केल्यासारखं वाटतं," तो म्हणायचा. "मग बघू नकोस. आवर," ती म्हणायची. यावर दोघंही हसायचे आणि कुणीच काही आवरायचं नाही.

तर या दोघांच्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, एका प्रोटीनच्या मागे लागल्या होत्या. कसलं प्रोटीन? नीट ऐका, अवघड नाही. प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबलचक धागा असतो आणि त्यावर जनुकं असतात. कुठलं जनुक कधी वाचायचं हे ठरवायला काही प्रोटीनं त्या धाग्यावर ठाण मांडून बसलेली असतात, मुकादमासारखी. हे वाच, ते मिटून ठेव. पण पेशीला एकाची दोन व्हायचं झालं की हा सगळा कारभार बंद. धागा घट्ट गुंडाळायचा असतो, दोन सारखे वाटे करायचे असतात. घर बदलताना कपाटावर कुणी पाय हलवत बसून राहिलं, तर कपाट उचलायचं कसं? म्हणून पेशी एकेका मुकादमाला बारीकसा फॉस्फेट चिकटवते. बस्स. फॉस्फेटचा विद्युतभार ऋण, डीएनएचाही ऋण. दोघांचं काही केल्या पटत नाही, आणि मुकादम गुमान जागेवरून उठतो. ना आरडाओरडा ना धक्काबुक्की. वाटणी झाली की दुसरी प्रोटीनं येऊन तो फॉस्फेट काढून घेतात, आणि मुकादम पुन्हा आपल्या जागी, जणू मधल्या वेळात काही झालंच नाही.

सगळे असेच उठतात. म्हणजे जवळजवळ सगळे. मॅडमच्या या एका प्रोटीनला मात्र विभाजनाच्या वेळी फॉस्फेट लागतच, म्हणजे चिकटतच, नव्हता. सगळी मंडळी उठली तरी हा पठ्ठ्या बसलेलाच! म्हणून लंबूनं त्याचं नाव ठेवलं हट्टू.

आणि हट्टू बसून राहतो हे शोधून काढलं होतं टापटीपनं.

तिच्यासाठी ही साधीसुधी गोष्ट नव्हती. शिक्षण झाल्यावर ती दुसऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होती, हृदयाच्या पेशींवर. मग सासऱ्यांचं आजारपण आलं, ते लांबलं, आणि मधली बरीच वर्षं घरातच गेली. परत यायचं म्हटलं तेव्हा कुणी दारात उभं करेना. आधी वय विचारायचे, मग मधली वर्षं विचारायचे, मग म्हणायचे, कळवतो. एकट्या या मॅडमनीच घेतलं, तेही ठराविक मुदतीवर. ती मुदत आता संपत आली होती. वाढवायची की नाही हे एक समिती ठरवणार होती, आणि समितीपुढे ठेवायला टापटीपकडे हट्टूशिवाय काही म्हणजे काही नव्हतं. हट्टूचा शोधनिबंध लिहून तयार होता. मॅडमना फक्त प्रयोगाचं एक चित्र अजून स्वच्छ हवं होतं. "एकदा शेवटचं कर, सुबक येऊ दे, की पाठवते," असं सांगून त्या परगावी गेल्या होत्या. सुबक हा शब्द त्यांनी टापटीपला सांगावा, म्हणजे माशाला पोहायला सांगण्यासारखं होतं.

त्या सकाळी टापटीप आली तीच मुळी पाय ओढत. सासूबाईंचा खोकला आठवडाभर थांबत नव्हता. नवरा छापखान्यात पाळीवर, त्यामुळे गरम पाणी, वाफारा, औषध सगळं हिच्याच गळ्यात. झोप अशी नव्हतीच. चेहरा धुतला तरी डोळे धुतल्यासारखे वाटत नव्हते. अंगातल्या हाडांनाही जणू वेगवेगळा कंटाळा आला होता, कोपराला कोपराचा, गुडघ्याला गुडघ्याचा.

"ताई, तुम्ही आज माणूस वाटता," लंबू म्हणाला.

"रोज काय वाटते?"

"जाहिरात."

तिला हसायचं होतं, पण ओठ हलायलाही आढेवेढे घेत होते.

पेशी वाढवायच्या उबदार कपाटातून तिनं एक फ्लास्क काढला. आदल्या दिवशी दोन फ्लास्कमध्ये औषध घालून ठेवलं होतं. त्या औषधानं पेशी विभाजनाच्या ऐन मध्यावर अडकून राहतात, म्हणजे आपल्याला हव्या त्या क्षणी त्या पकडता येतात. पुढचं काम ठरलेलं. वरचा द्रव ओतून टाकायचा, बफरनं, म्हणजे पेशींना सोसणाऱ्या खारट पाण्यानं, तीनदा धुवायचं, मग तळाला चिकटलेल्या पेशी खरवडून घ्यायच्या. तीनदा धुणं हा तिच्या जुन्या प्रयोगशाळेचा कायदाच होता. तिथले सर म्हणायचे, न धुतलेल्या पेशीला हात लावणारा माझा विद्यार्थी नाही. ते वाक्य तिच्या हातात इतकं मुरलं होतं की डोक्याला विचारायची गरजच पडत नव्हती.

पण बफरची बाटली उचलली तर रिकामी.

"लंबू!"

"संपला का? अरेच्चा." लंबूची मान बाटल्यांच्या रांगेवरून वर आली. "करून देतो, ताई. थांबा. तुम्ही बसा जरा, तुमचे डोळे बघून मलाच झोप यायला लागली."

एरवी ती बसली नसती. एरवी तिनं स्वतः बफर करून, बाटलीवर चिठ्ठी लावून, वर लंबूला चार शब्द सुनावले असते. आज मात्र तिला एकच दिसत होतं, ती पाठ असलेली खुर्ची. पण फ्लास्क हातात घेऊन नुसतं बसायचं म्हणजे लोक काय म्हणतील? म्हणून ती अंधाऱ्या खोलीत गेली, खुर्चीत बसली, पाठ टेकली, एक लांब श्वास सोडला आणि काहीतरी काम चाललंय असं दिसावं म्हणून फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली सरकवून डोळा लावला.

तिनं न धुतलेला फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली आजवर कधी बघितलाच नव्हता.

तळाला नेहमीच्या चपट्या पेशी होत्या, ओळखीच्या, पसरलेल्या. पण त्यांच्यावर, त्यांच्यामध्ये, सगळीकडे गोल गोल, चकचकीत मणी! खच पडला होता नुसता. तळाला कुठंतरी एका टोकानं टेकलेले आणि बाकी अंगानं सुटलेले. टेबलाला जरा धक्का लागला की थरथरत होते. या विभाजनातल्या पेशी होत्या. विभाजनाच्या वेळी पेशी गोल होते, पाय सोडते, हे तर पुस्तकातल्या पहिल्या धड्यात असतं. तिलाही ते पाठ होतं. तिनं आजवर समजून ठेवलं होतं की धुताना सुटणार नाहीत तितपत तळ धरून राहत असतील.

"ताई, बफर!" दारातून एक लांब हात आत आला.

तिनं बाटली घेतली. टेबलाशी जाऊन वरचा द्रव चंचुपात्रात ओतला आणि तीनदा धुतलं, नेहमीसारखं, हलक्या हातानं, कडेकडेनं. मग का कोण जाणे, पुन्हा त्या खोलीत गेली आणि तोच फ्लास्क परत बघितला.

मणी गेले होते.

तळाशी नुसत्या चपट्या पेशी, शहाण्या मुलांसारख्या रांगेत. दोन-चार मणी कुठंतरी कोपऱ्यात अडकून राहिले होते, तेवढेच. ती बराच वेळ बघत राहिली. मग उठली आणि चंचुपात्रातल्या सांडपाण्याचा एक थेंब काचेवर घेतला. त्यातल्या पेशी मारायला ब्लीच ओतायचं असतं, पण ते अजून ओतलं नव्हतं. थेंबात मणीच मणी होते.

म्हणजे इतके महिने ती जे शोधत होती, ते रोज सकाळी स्वतःच्या हातानं, अगदी हलक्या हातानं, ओतून देत होती. ज्यांचं विभाजन चाललं होतं त्या गेल्या सांडपाण्यात, आणि ज्यांचं चाललं नव्हतं त्या राहिल्या तळाला. त्यांना खरवडून ती विचारत होती, विभाजनाच्या वेळी हट्टूला फॉस्फेट लागतो का? त्या बिचाऱ्या काय सांगणार? त्यांचं विभाजन होतंय कुठं!

हृदयाच्या पेशी विभागत नाहीत. त्या तळाला पक्क्या चिकटून असतात. त्यांना तीनदा काय, तेरादा धुतलं तरी त्या हलायच्या नाहीत. तिथला कायदा तिथं बरोबर होता.

ती खुर्चीत बसून राहिली. रडू वगैरे आलं नाही. रडायलाही काही शिल्लक लागतं.

"ताई? बरं वाटत नाहीये का?" लंबूनं डोकं आत घातलं.

"लंबू, दुसरा फ्लास्क आण. हलवू नकोस. जसा आहे तसा."

त्यानं आणला. तिनं तो धुतला नाही. एक हात आधाराला दिला आणि दुसऱ्या तळव्यानं फ्लास्कची कड थोपटली, हळू, मग जरा जोरात. मणी सुटले, द्रवात तरंगले. तो द्रव तिनं टाकला नाही, नळीत भरला आणि सेंट्रिफ्यूजच्या यंत्रात गरगर फिरवला. तळाशी पांढरा ठिपका बसला, चांगला डोळ्यात भरेल एवढा. लंबू बघत होता. मठ्ठ नव्हता तो. त्यानं एकदा ठिपक्याकडे पाहिलं, एकदा चंचुपात्राकडे, आणि हळूच शीळ घालायला तोंडाचा चंबू केला. पण शीळ वाजवली नाही. तेवढी माणुसकी त्याच्यात होती.

मग नेहमीचं. दोन नमुने शेजारी शेजारी लावले, धुऊन उरलेल्या पेशींचा आणि थोपटून पाडलेल्यांचा. जेलमधून, म्हणजे जेलीसारख्या चकतीतून, विजेच्या ओढीनं प्रोटीनं धावली, मग एका पातळ पडद्यावर उतरली. मग त्यावर दोन अँटिबॉडी, ज्याला ओळखतील तिथं काळा पट्टा उमटवणाऱ्या. एक फक्त फॉस्फेट लागलेल्या हट्टूलाच ओळखणारी, दुसरी खुणेची, म्हणजे नमुन्यात विभाजनातल्या पेशी खरोखर आहेत का हे सांगणारी. ही खूण आधीच्या सगळ्या प्रयोगांत यायची, पण फिकी. पाण्यात दूध सांडल्यासारखी. "फिकी का होईना, आली ना?" असं म्हणून तिनंही ती चालवून घेतली होती आणि मॅडमनीही.

दुसऱ्या दिवशी चित्र आलं. धुतलेल्यांच्या रांगेत नेहमीचं फिकं. थोपटलेल्यांच्या रांगेत खुणेचा पट्टा काळाभोर, आणि हट्टूच्या फॉस्फेटचाही काळाभोर, काजळाचं बोट ओढल्यासारखा.

लंबू मागे उभा होता. "लागतो की हो फॉस्फेट. भरपूर लागतो." मग जरा थांबून, "हट्टू काही हट्टू नाही. चारचौघांसारखाच."

"हो."

"मॅडम उद्या येतील."

"हो."

"ताई." त्यानं आवाज खाली आणला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी आणला. "मी काही बघितलेलं नाही. जुनं चित्र चांगलं आहे. तेच जरा सुबक करून दिलंत तर... म्हणजे, तुमची समिती होऊन जाऊ दे. मग पुढे कधीतरी आपल्यालाच कळलं असं करू. लोक करतात."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यात लबाडी नव्हती, नुसती काळजी होती. त्यामुळेच जास्त थकायला झालं.

"बघते," ती म्हणाली.

घरी पोचली तेव्हा अजून उजेड होता. सासूबाई गादीवर बसून शेंगा सोलत होत्या. आजारपणातही त्यांच्या हाताला काम लागायचं, आणि तोंडाला तर लागायचंच. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली बाई. एका कानानं घर ऐकायची आणि दुसऱ्यानं जग.

"आलीस? काय गं, तुझा तो बसला होता तो... हट्टू. उठला का?"

"उठला, आई."

"अगोबाई! मग आनंदाची बातमी की."

टापटीपनं पिशवी ठेवली आणि तिथंच भिंतीला टेकून जमिनीवर बसली. "तो कधी बसलाच नव्हता, आई. आनंद तो बसण्यात होता. उठण्यात नाही." मग तिनं सगळं सांगितलं. धुणं, सांडपाणी, मणी. सांगताना मध्ये मध्ये डोळे मिटत होती. सासूबाईंनी शेंगा सोलणं थांबवलं नाही, पण दाणे चुकून सालांच्या ढिगात पडायला लागले.

"म्हणजे केर काढता काढता मुसळच केरात," त्या शेवटी म्हणाल्या.

"तेच."

"रोज?"

"रोज. नेमानं."

सासूबाईंना हसू आलं, हसण्यातून खोकला आला, खोकल्यातून डोळ्यात पाणी. टापटीपनं उठून पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. खोकला थांबल्यावर त्या म्हणाल्या, "हसले म्हणून रागावू नकोस. या घरात तू आल्यापासून फरशीचीसुद्धा कातडी गेलीये, म्हणून हसले." मग जरा गंभीर होऊन, "आता काय करणार?"

"लंबू म्हणतो, कुणाला सांगू नका. समिती होऊ द्या."

"आणि तू काय म्हणतेस?"

टापटीपनं एक शेंग उचलून फोडली. बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. तिला मॅडमचा चेहरा दिसत होता, मग समितीतल्या माणसांचे चेहरे, मग पुन्हा त्या सगळ्या दारांचे, जिथं 'कळवतो' म्हणाले होते. या वयात परत ती दारं. पण त्या भीतीच्याही खाली दुसरं काहीतरी होतं, जड, सुस्त, हलायला तयार नसलेलं.

"खोटं बोलायचं तर ते सांभाळावं लागेल, आई. रोज. पुढचा प्रयोग त्यावर, त्याच्या पुढचा त्यावर. कुणी विचारलं की आठवायचं, आपण काय म्हणालो होतो. माझ्या अंगात तेवढं त्राण नाही हो." ती कसंनुसं हसली. "मी चांगली आहे म्हणून नाही. दमलेय म्हणून."

"चालतं," सासूबाई म्हणाल्या आणि सालांतून दाणे निवडायला लागल्या. "एक्स्चेंजमध्ये आमच्याकडून चुकीची जोडणी झाली ना, की पिन लगेच उपटायची. लाजत बसलं की पलीकडे ते दोघं अनोळखी बोलायला लागतात. एकीनं तर एकदा अर्धं भांडण भलत्याच नवऱ्याशी करून टाकलं होतं! मग निस्तरता निस्तरता नाकी नऊ आले." मग हात झटकून, "जा, तोंड धू. नको, राहू दे. आज काहीच धुऊ नकोस."

मॅडमची खोली अरुंद, खिडकीजवळ एक मरायला टेकलेलं रोपटं, आणि टेबलावर शोधनिबंधाचा छापलेला गठ्ठा. मॅडम प्रवासातून थेट आल्या होत्या, बॅग अजून पायाशी होती. टापटीपनं चित्र त्यांच्यासमोर ठेवलं. नेहमीप्रमाणे टेबलाच्या कडेला समांतर ठेवलं. हाताला सवयच, काय करणार.

मॅडमनी चष्मा वर केला, खाली केला. "हे काय? फॉस्फेट दिसतोय. हा नमुना कुठून आणलास?"

"सांडपाण्यातून, मॅडम. म्हणजे, ज्या पेशी मी आजवर सांडपाण्यात टाकत होते, त्या." तिनं सांगितलं. आदल्या दिवशी घरी सांगताना जेवढी वाक्यं लागली होती, त्याच्या निम्मीही आता लागली नाहीत. चूक एवढीशीच होती. इतकी छोटी की सांगताना संपूनच गेली.

मॅडम ओरडतील असं तिला वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत, आणि त्याचीच तिला भीती वाटली. त्यांनी गठ्ठ्यातून एक पान काढलं, जुनं चित्र, आणि नव्याच्या शेजारी धरलं. खुणेच्या त्या फिक्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"हा फिका होता."

"हो."

"मी बघितला होता. तेव्हाच मनात आलं होतं, एवढा फिका का?" त्यांनी पान खाली ठेवलं. "मग मनात आलं, हट्टू बसून राहतो ही केवढी मजेची गोष्ट आहे! मजेच्या गोष्टीला कोण प्रश्न विचारतं?"

बाहेर लंबूच्या हातून काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग "काही नाही, काही नाही!" असा त्याचाच आवाज.

"समिती परवा आहे," मॅडम म्हणाल्या. "निबंध आता जाणार नाही. निबंध नाही तर समितीला मी काय दाखवू?"

"हेच."

"हे दाखवलं तर म्हणतील, बाईंनी इतके महिने काय केलं? आणि मी काय केलं, तेही म्हणतील. मी निभावून नेईन, माझी खुर्ची पक्की आहे. तुझी मुदत मात्र वाढणार नाही. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"तरी?"

"तरी." आणि मग, कारण मॅडम अजून बघत होत्या, "मॅडम, दुसरं काही सुचत नाहीये मला. खरंच."

मॅडमनी डोळे चोळले. त्याही दमल्या होत्या, हे टापटीपच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. त्यांच्या डोळ्याखाली असा काळा रंग होता की तो काही एका प्रवासाचा नव्हता. त्यांनी शोधनिबंधाचा गठ्ठा उचलला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं. "थोपटून कशा पाडल्यास, किती वेळानं, सगळं लिहून दे. आणि बस. उभी कशाला आहेस मघापासून?"

समितीनं मुदत वाढवली नाही. त्यांनी अगदी सभ्य शब्दांत कळवलं. मॅडम बैठकीत बरंच बोलल्या म्हणे, पण समितीतले एक गृहस्थ म्हणाले की पेशी धुऊन टाकणाऱ्या व्यक्तीला अजून एक वर्ष धुवायला द्यायचं का? त्यावर सगळे हसले. हे लंबूला कुठून तरी कळलं आणि त्यानं टापटीपला सांगितलं नाही. पण त्याला काही लपवताच येत नाही. मान खाली घालून तो इतका वाकला की तिनंच विचारलं, आणि मग त्यानं सांगितलं.

"विनोद बरा आहे," ती म्हणाली.

"ताई!"

"बरा आहे रे. मला हसायला वेळ लागेल, पण बरा आहे."

हट्टूचं काम लंबूकडे गेलं. विचार केला तर खरं काम आत्ताच सुरू होत होतं. फॉस्फेट लागतो हे कळलं, पण तो लागल्यावर हट्टू खरोखर डीएनएवरून उठतो का, किती लवकर उठतो, आणि विभाजन संपल्यावर त्याला परत बसवतं कोण? हे सगळं अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. मॅडम म्हणाल्या होत्या, पुढे निबंध होईल तेव्हा तुझं नाव त्यात असेल. कुठं असेल ते त्या म्हणाल्या नाहीत, आणि तिनंही विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी, ऊन खिडकीतून टेबलाच्या मध्यापर्यंत आलेलं असताना, तिनं लंबूला फ्लास्क दिला.

"धर. असा नाही, खालून. हां. आता कड थोपट."

लंबूनं थोपटला, म्हणजे जवळजवळ मारलाच.

"अरे, दार ठोकतोयस का? सगळ्याच निघतील अशानं, चपट्यासुद्धा. हळू. ज्यांनी पाय सोडलेत त्यांनाच फक्त पडू द्यायचं. बाकीच्यांना कळतासुद्धा कामा नये."

"असं?"

"असं. अजून जरा. बघ, बघ, ढगाळ झालं ना? त्या आल्या."

लंबूनं फ्लास्क उजेडाकडे धरला. द्रवात धुकं होतं, अगदी विरळ. "आणि आता धुवायचं नाही," तो म्हणाला, प्रश्न विचारल्यासारखा.

"नाही रे बाबा. नळीत घे सगळं. थेंबही टाकू नकोस."

तो नळीत ओतायला लागला, आणि अर्थातच थोडं टेबलावर सांडलं. टापटीपचा हात पुसायच्या कापडाकडे गेला, अर्ध्यावर थांबला. आता ते टेबल त्याचं होतं. तिनं हात मागे घेतला, स्टुलावरून उतरली आणि त्या अंधाऱ्या खोलीत जाऊन पाठ टेकून बसली. दार उघडं ठेवलं होतं. बाहेर लंबू स्वतःशीच काहीतरी पुटपुटत नळ्या मोजत होता, चुकत होता, परत मोजत होता. तिनं डोळे मिटले.

"ताई! सेंट्रिफ्यूज किती वेगानं फिरवायचा?"

"तूच ठरव," ती डोळे न उघडता म्हणाली. मग, कारण तो खरंच ठरवून बसला असता, "हळू, लंबू. सगळ्यात हळू."